प्रबळगडावरचे तीन धूर

एस्तेर चाळीस वर्षांनी पनवेलला आली आणि पहिल्याच सकाळी माझ्या सुकापूरच्या गॅलरीतून तिने बोट दाखवलं. "तो प्रबळ ना? शाळेच्या खिडकीतून दिसायचा. मला तिथे जायचंय."

एस्तेर माझी कॉन्व्हेंटमधली बाकशेजारीण. तिचं बेने इस्रायल ज्यू कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आता तिच्या परतीच्या विमानाला चार दिवस होते. मी गुडघ्यांना न विचारता हो म्हटलं.

मार्चमध्ये जाणार असाल तर उजाडताच निघा. शेडुंग फाट्यावरून आत वळलं की ठाकूरवाडी. आम्ही रिक्षा केली. एसटीही आहे, पण वेळ आधी विचारून घ्या. तिथून प्रबळमाचीपर्यंतचा चढ तरुण मुलं दीड तासात चढतात, आम्हाला अडीच लागले. माचीवर कमळीबाईंच्या ओसरीवर पोहे आणि चहा झाला. परतल्यावर भाकरी-पिठलं खाऊ, असंही सांगून ठेवलं.

"मावशी, वर रान दाट हाय. मानूस देते संगती," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, शाळेत आम्ही गर्ल गाइड होतो," एस्तेर म्हणाली. "आम्हाला कोण चुकवणार?"

"रान चुकवतं," कमळीबाई हसून म्हणाल्या.

तेच झालं. घळ चढून माथ्यावर पोचलो. समोर कलावंतिणीचा सुळका, मागे धूसर पनवेल. एस्तेर कितीतरी वेळ नुसती बघत बसली. परतताना मात्र झाडीत वाट सुटली. ती शोधता शोधता एस्तेरचा पाय दगडावरून घसरला आणि घोटा बघता बघता सुजला. फोनला रेंज नाही. प्यायचं पाणी अर्धी बाटली. ऊन माथ्यावर. तिला एकटीला सोडून जाणं मला पटेना. शिवाय वाट मला तरी कुठे ठाऊक होती?

"गाइडच्या तासाला सिस्टरनी शिकवलेला धूर आठवतो?" तिनेच विचारलं.

इथे एक सांगते. जंगलात हौसेने विस्तव करू नका. नियमही तसाच आहे. जीवावर बेतलं तरच, आणि तेव्हाही सिस्टर सांगायच्या तसाच. कड्याजवळ एक उघडा कातळ सापडला, एस्तेरला आधार देत तिथवर नेलं. त्याच्या कडेचं वाळकं गवत मी दोन-दोन हात उपटून काढलं. वारा गवताकडे नाही ना, ते चिमूटभर माती उडवून पाहिलं. जवळच्या डबक्यातलं पाणी हिरवं होतं, पिण्याजोगं नव्हतं, पण विझवायला चाललं असतं. खाऊचे दोन्ही रिकामे डबे त्या पाण्याने भरून हाताशी ठेवले आणि मगच काडी ओढली. विस्तव ताटाएवढाच. निखारे झाल्यावर ओला पाला टाकला, तसा पांढरा, जाड धूर सरळ वर गेला.

अर्धा तास झाला, कोणी आलं नाही.

"खाली बघ," एस्तेर म्हणाली.

खालच्या वाड्यांवर जागोजागी धूर होते. राब भाजायचे दिवस! भाताचं रोप जिथे टाकायचं, ती जमीन पालापाचोळा जाळून भाजतात. त्या गर्दीत आमच्या धुराला कोण विचारणार?

"एक म्हणजे स्वयंपाक," एस्तेर पुटपुटली.

"तीन म्हणजे मदत!" मी सिस्टरचं वाक्य पुरं केलं.

त्याच कातळावर सारखं अंतर ठेवून आणखी दोन विस्तव केले. एस्तेर बसल्या जागी पाला तोडून देत होती, मी डबा घेऊन तिन्हींवर पहारा करत होते. थोड्या वेळाने झाडीतून हाक आली. कमळीबाईंचे दीर, पदूभाऊ, आणखी तिघांना घेऊन आले होते.

"एक दिसला तवा वाटलं, पल्याड कोन राब भाजतंय," ते म्हणाले. "तीन दिसलं, तशी वहिनी वराडली. वर शेत नाय, मंग तीन राब कशाचं? त्या म्हाताऱ्याच असतील!"

"म्हाताऱ्या कोण?" एस्तेर कळवळत होती, तरी फणकारली.

तिला लगेच उचलावं म्हणून मी घाई करत होते. पदूभाऊ हलेनात. राखेवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, पुन्हा ओतलं. "हात लावून बघा, मावशी." मी तिन्ही ठिकाणी तळहात ठेवला. थंड. तेव्हाच चादरीच्या झोळीत एस्तेर निघाली. माचीवर भाकरी-पिठलं वाट बघत होतं आणि कमळीबाईंचा एकच प्रश्न: "चुकवलं ना रानानं?"

हाड शाबूत निघालं. पट्टी बांधलेला पाय घेऊन एस्तेर ठरल्या दिवशी विमानात बसली. तुम्ही जा, जरूर जा, पण माचीवरून माणूस घेऊन जा.

अजून राब संपलेले नाहीत. सकाळी चहा घेऊन मी गॅलरीत येते आणि प्रबळच्या माथ्यावर नजर टाकते. तेवढ्यात परदेशातून एस्तेरचा फोन येतो.

"आज किती?"

"माथ्यावर एकही नाही."

"मग पी चहा."