देवाच्या पायाशी न ठेवलेली पुडी

१९७५ सालच्या माघातली संकष्टी. सकाळी मी अंगणात तुरी पाखडत होते आणि सुपाच्या वाऱ्यानेही मळमळत होतं. पाळी चुकून दोन महिने होत आले होते. चाळिशी उलटलेली, अंगात रक्त नाही आणि थोरली लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं मी करायचं की माझं तिने? सासूबाईंनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. म्हणाल्या, "बरं झालं. मायलेकींना एकच पाळणा टांगू. दोरी तेवढी जाड आणा." मालकांच्या कानावर घातलं, तर बैलापुढे पेंड टाकता टाकता ते म्हणाले, "तुझं तू बघ."

मग मीच बघितलं. गावच्या सुईणीकडून मुळीच्या भुकटीची पुडी आणली. उपास सोडायच्या आधी रिकाम्या पोटी घ्यायची होती. माझी धाकटी जाऊ आदल्या साली याच सुईणीच्या औषधाने गेली होती. अंगावरचं थांबेना, वर ताप. तिची शेवटची अंघोळ मीच घातली. तरीही पुडी घेतली, कारण दुसरी वाट माहीतच नव्हती. आमच्या घरात कोणतंही नवं औषध आधी राजूरच्या गणपतीच्या पायाशी ठेवून मग घेतात. मीही पुडी पदराला बांधून राजूरला निघाले. देवाचा स्पर्श झाला की विषाचंही औषध होईल, असं स्वतःला सांगत होते. मनातून विश्वास नव्हता. सुमनचं कोण करील, एवढंच डोक्यात घोळत होतं.

संकष्टीची गर्दी होती. रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. तिथे माझ्याच वयाची एक बाई चपलांची राखण करत बसली होती. तिने तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "दर्शन झालं का तुमचं?"

"आम्ही बौद्ध. शेजारणीच्या सोबतीला आल्ते. तिचा देव आत, तिच्या चपला माझ्यापाशी," ती हसली. मग माझी पापणी खाली ओढून पाहिली. "बाई, अंगात रक्त न्हाई तुमच्या. उपास कशाला करून राह्यल्या? अन् पदरात काय बांधलंय?"

का कुणास ठाऊक, मी सगळं सांगितलं. घरात ज्याचा उच्चार केला नव्हता, ते परक्या बाईपुढे बोलून गेले. ती बदनापूरकडे नर्स होती. तिने पुडी हुंगली आणि सरळ मोरीत ओतली.

"आता ऐका. कायदा झालाय, तीन साल झाले. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात पोट खाली करून देतात. चोरी न्हाई त्यात. नवऱ्याचा अंगठा लागत न्हाई, तुमचा पुरे."

"अन् ठेवायचं म्हटलं तर?"

"तर रक्ताच्या गोळ्या घ्या अन् तपासायला येत राहा. तेबी होतं. ठरवायचं तुम्ही. पण नको असंल तर जल्दी करा, तीन महिन्यांच्या आत सोपं असतं. आधी तपासतील, सुई देतील. पाळीत दुखतं तसं दुखंल, जास्तच दुखंल. काम थोड्या वेळाचं. नंतर काही दिवस अंगावरून जाईल, कमी कमी होत जाईल. पण कपड्यावर कपडा भिजायला लागला, ताप आला, घाण वास आला, तर बिलकुल घरी बसायचं न्हाई. तसंच उठून यायचं."

"लोकं?"

"लोकं मयतीलाबी येतेत."

शेजारीण बाहेर आली, तशी ती चपला घालून निघून गेली. मी नाव विचारायचं विसरले. पुन्हा ती कधी दिसली नाही. मी गाभाऱ्यापर्यंत गेलेच नाही. कट्ट्यावरूनच हात जोडले आणि म्हटलं, माझ्याने ठरत नाही, तू ठरवलंस तसं करते.

त्याच आठवड्यात जालन्याच्या दवाखान्यात गेले. त्या नर्सबाईने सांगितलं तसंच झालं. दुखलं, तेव्हा मी खाटेची पट्टी धरून ठेवली. शेजारच्या खाटेवर एका खेड्यातून आणलेली पोर होती, पोट पाडायला काडी घालून घेतलेली. तिची आई मला विचारत होती, "वाचंल ना हो?" संध्याकाळी खाट रिकामी झाली. त्या जागी मी असते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी रडले, त्या पोरीसाठी आणि जे आलंच नाही त्याच्यासाठीही. ते रडणं अजून पुरतं सरलेलं नाही.

देवाने ती बाई धाडली की नुसता योग होता, याचा काथ्याकूट मी करत नाही. मी विष पवित्र करून घ्यायला गेले होते आणि देवाने मला आत येऊ दिलं नाही, एवढं मला कळतं. आपण मागतो ते न मिळणं हीसुद्धा कृपा असते. ती निमूट घ्यावी.

घरी आल्यावर कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावरून जात होतं म्हणून देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला. मग सुमनला शेजारी बसवून घेतलं, तिच्या लाडवांसाठी डिंक फोडायला घेतला आणि फोडता फोडता तिला सगळं सांगितलं.