मधोमध ठेवलेला स्पीकर

नाण्यांची झालर असलेला पट्टा कमरेला बांधताना छनकला, की मला जव्हारचा तो हॉल आठवतो. तेव्हा मी बेली डान्स शिकवायला गावोगावी फिरायचे. एसटी डेपोबाहेर उभं राहून स्वतः पत्रकं वाटली होती, तरी भाताच्या पोत्यांचा वास भरलेल्या त्या हॉलमध्ये आल्या चौघीच, पोशेऱ्याहून जीपने बाजाराला आलेल्या. पिशव्या कोपऱ्यात ठेवून त्या लाजत उभ्या राहिल्या. मी त्यांना हातभर अंतरावर ओळीत उभं केलं आणि त्यांच्या मागे ठेवलेला स्पीकर लावला. गाणं सुरू होताच चौघी वळल्या आणि माझ्याकडे पाठ करून, एकमेकींच्या कमरेत हात घालून स्पीकरसमोर पावलं टाकू लागल्या. मी वैतागले. या नाचात जिची तिची कंबर मोकळी हवी! तीनदा गाणं थांबवलं, तीनदा ओळ लावली, तीनदा तेच झालं. शेवटी त्यांच्यातली वयस्क बाई मलाच समजावत म्हणाली, "तारपा वाजतो तवा आमी त्याला पाठ नाय दाखवत, बाय. मग याला कशी दाखवू?" तारपा म्हणजे त्यांचं भोपळ्याचं फुंकवाद्य; वाजवणारा मधे आणि नाचणारे त्याच्याभोवती. स्पीकर उचलून हॉलच्या मधोमध ठेवला. त्यांनी त्याच्याभोवती फेर धरला, आणि दुसऱ्याच फेऱ्यात त्या बाईचा खरबरीत हात माझ्या कमरेत आला. "एकटीच काय नाचतंस?" इतकी वर्षं मी नाचत होते, पण नाचताना मला कुणी असं धरलं नव्हतं. आता ठाण्यातल्या माझ्या क्लासात भिंतभर आरसे आहेत. तरी मुली कुरकुरतात, "मॅडम, हा स्पीकर मध्येच येतो, कडेला ठेवू?" मी म्हणते, "राहू दे. फक्त त्याला पाठ दाखवू नका."