तीन दिवसांचं कुलूप

तीस वर्षं लोकांची अडकलेली कुलपं उघडून देता देता कुलूपवाल्याचा कुठल्याच दारावर विश्वास उरला नव्हता. बायकोने सलग तीन दिवसांच्या सुट्टीसाठी शहराबाहेरचं एक टुमदार घर ठरवलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फोटोत मागचं दार का दिसत नाही? त्याने तडक मालकीणबाईंना फोन लावला.

"किल्ली कुणाकुणाकडे असते हो?"

"अहो, आमच्या दाराला कुलूपच नाही. इकडे लागतच नाही!"

झालं! त्याने दुकानातलं सगळ्यात भक्कम कुलूप, वर कडी-कोयंडाही पिशवीत कोंबला.

"आता तरी तिथे निवांत झोपाल ना?" बायको वैतागली.

"कसला झोपतोय! हे कुलूप मी दोन मिनिटांत उघडतो."