ओवूची दुसरी फेरी

“तीनदा भोंगा वाजवून निघायचं होतं ना! पोरीचं पाणी गेलंय आणि तुला प्रदक्षिणा सुचतायत?” आई ओरडत होती.

“ओवूला फेऱ्या घातल्याशिवाय मी कधी गोबी ओलांडलेला नाही,” बाबा म्हणाले. सकाळपासून प्यायले होते.

ओवू म्हणजे वाटेवरची पूजेची दगडांची रास; घाई असेल तर फेऱ्यांऐवजी तीनदा भोंगा वाजवला तरी चालतं. दुसऱ्याच फेरीला आमच्या जुन्या रशियन व्हॅनची मागची चाकं मऊ वाळूत रुतली. मी मागे, पोट धरून आडवी. दवाखाना अजून नव्वद किलोमीटर.

आईचं नाव डोलगोर. बावीस वर्षं ती या व्हॅनमधून फिरली. चाकांतली हवा सोडणं, वाळकी खोडं चाकाखाली घालणं, फावडं मारणं, ही तिची कामं. स्टिअरिंग बाबांचं.

ती खोड सरकवत होती, तेवढ्यात बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाक उसळलं. आईची दोन बोटं खोडाखाली चिरडली.

“चावी दे!” म्हणत तिनं दार उघडून त्यांना कमरेच्या कापडी पट्ट्याला धरून खाली ओढलं. बाबांनी सीटखालचं, गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल काढून तिच्या तोंडावर हाणलं.

“बायकोनं चावी मागायची?”

आई दात थुंकली. हँडल हिसकावून तिनं त्यांच्या गुडघ्यावर मारलं. एकदाच. हाड मोडल्याचा आवाज मी आत ऐकला. मग आपल्या चिरडलेल्या बोटांना त्यांचाच पट्टा गुंडाळून तिनं त्यांना फरफटत माझ्याशेजारी आणून टाकलं.

“पड इथं. तूही कण्ह.”

खोडांवरून व्हॅन निघाली. टेकड्यांवर तिनं ब्रेकला पायच लावला नाही. कोरड्या ओढ्यात उतरताना माझं डोकं छतावर आपटलं, बाबा किंचाळले. ती खिडकीतून रक्त थुंकत राहिली.

“आई, किती वेळ लागेल?”

“गप! वाटेत असताना असलं अपशकुनी विचारतात का?”

दवाखान्याच्या पायरीवरच मुलगी झाली. जगली. आईची बोटं मात्र गेली.

विसाव्या दिवशी आम्ही सगळे तंबूत चहा पीत होतो. गुडघ्याला फळ्या बांधलेले बाबा पलंगावरून म्हणाले, “चावी दे. महिन्याभरात निघेन मी.”

आजी, त्यांची आई, वाडग्यातला चहा फुंकत बसली होती. आई दुधाचं भांडं ढवळत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“व्हॅन मी चालवणार,” ती म्हणाली. “हवा सोडायला तू ये.”