आत्याने फोडलेला डोळा

आमच्या आत्याने जन्मभर माणसं फाडली. गळे चिरले, कवट्या फोडल्या, एका खलनायकाचा कान तर लागोपाठ तीन चित्रपटांत कापला आणि तिन्ही वेळा त्याने नंतर तिच्याच हातचा चहा घेतला. मारामारीच्या चित्रपटांना जखमा पुरवणं हा तिचा धंदा. गालावर मेण थापायचं, बोथट सुरीने मधोमध चीर पाडायची, कडा डिंकाने चिकटवायच्या आणि चिरेत रक्त सोडायचं. रक्त ती घरीच शिजवते. साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कोको. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी बाटली असते. सरबत समजून ती तोंडाला लावलेले दोन नातेवाईक अजून आमच्याकडे यायचं टाळतात.

तिच्याशी बोलताना माणूस अवघडतो, कारण ती डोळ्यांत न बघता जबड्याकडे बघते. "तुमच्या भुवईवर ना, एक टाका फार शोभेल," हे तिच्या तोंडून आलेलं मोठंच कौतुक. लग्नाचं बोलायला आलेल्या एका भल्या माणसालाही तिने हेच सांगितलं. तो पुन्हा फिरकला नाही.

अशा बाईकडे लवंगी गेली आणि म्हणाली, माझा चेहरा नीट कर.

लवंगी माझी चुलतबहीण. तेरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. उंची बेताची आणि ठसका बेताबाहेर, म्हणून लवंगी. तिच्या गोलावर चालून आलेला चेंडू परत जायचाच, कधीकधी चेंडू आणणारी पोरगीही लंगडत परत जायची. पण त्या वर्षी तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरमं उठली. लालभडक, टरटरून पिकलेली. वर्गातल्या पोरांनी नाव ठेवलं, कणीस. ती गोलात उभी राहिली की मागून सुरू व्हायचं, "कणीस सोला, कणीस भाजा!" तिने एकाचं नाक फोडलं. दुसऱ्या दिवशी चौघं ओरडत होते.

मग तिने मोर्चा स्वतःच्याच थोबाडाकडे वळवला. भांड्यांच्या काथ्याने गाल घासले. नखांनी मुरमं पिळली. कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट फासून झोपली. सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके. शेवटी तिने जाहीर केलं, "शनिवारच्या सामन्याला मी उभी राहणार नाही. आणि यापुढे कधीच नाही."

"आत्या, मेकअप कर माझा. काहीही कर, पण हे दिसायला नको."

आत्याने तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याखाली फिरवला. स्टुडिओतला जाड रंग लावून पाहिला. मुरमं रंगाखालून टेकड्यांसारखी वर आली. खरी गोष्ट अशी, की चांगला चेहरा बिघडवणं तिच्या डाव्या हातचा मळ होता, पण बिघडलेला सुधारायचा कसा हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मग तिला तिच्या धंद्यातली अक्कल सुचली.

"लवंगे, मुरमाला लोक हसतात. जखमेला कोणी हसलेलं पाहिलंयस?"

तर लवंगीचा पहिलावहिला मेकअप हा असा झाला. डावा डोळा काळानिळा, गालफडावर बोटभर चीर, हनुवटी खरवडलेली. एक मुरूम दिसेल तर शपथ.

"कोणी विचारलं तर काय सांगू?"

"काही नाही. मान खाली घालायची. बडबड्याची जखम खोटी वाटते, गप्प माणसाची खरी."

ही सूचना ती नटांना देते. नटांच्या शाळेतून घरी फोन जात नाहीत, एवढाच फरक.

शाळेत लवंगी वर्गात शिरली आणि पोरांनी वाट सोडली. कणीस हा शब्दही कोणी काढला नाही. एकीने तर डबा पुढे केला. लवंगी हवेत. तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी तिला बाहेर नेलं.

"कोणी मारलं?"

लवंगीने मान खाली घातली.

"घरातलं कोणी?"

तिने मान आणखी खाली घातली, कारण हसू दाबायचं होतं. बाईंना तिचे खांदे हलताना दिसले. त्यांनी फोन उचलला. आई कापडगिरणीत कामाला, तिथे पाळी संपेपर्यंत फोन कपाटात बंद. पुढचा नंबर मामाचा होता.

मामा रस्त्यात उलटलेले ट्रक क्रेनने उचलतो आणि क्रेन बिघडली तर कदाचित हातानेही उचलेल. तो क्रेन घेऊनच शाळेच्या फाटकात उभा राहिला. भाचीचा डोळा पाहिला, तिला बखोटीला धरून शेजारी बसवलं आणि गाडी सोडली.

"मामा, खोटं आहे हे! मेकअप आहे!"

"बापाला वाचवू नकोस."

"अरे, पुसून दाखवते, थांब!"

"हात लावू नकोस! जंतू जातील."

लवंगीचा बाप, म्हणजे माझा काका, चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर काचा घासून फ्रेमांत बसवायच्या, आणि कोणावर ओरडायचं असेल तर आधी त्याला पाणी विचारायचं, असा माणूस. मेव्हण्याला दारात बघून तो हसला. "अरे या, या, बसा."

पहिला ठोसा त्या हसण्यावरच पडला. काका स्टुलासकट मागच्या कपाटावर गेला आणि कपाट सगळ्या फ्रेमा घेऊन त्याच्या अंगावर आलं. मामाने त्याला कॉलर धरून काचांतून वर ओढलं. "पोरीवर हात उचलता, दाजी? हे घ्या!" नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. "लाज नाही वाटत तुम्हाला? हे पण घ्या!" चिडलेला असला तरी माणूस संस्कारी. मारताना एकदाही अरेतुरेवर आला नाही. लवंगी त्याच्या पाठीवर चढून केस उपटत होती, दंडाला चावत होती. क्रेनला चावून काय होणार?

आत्या दुकानाच्या वरच राहते. गडगडाट ऐकून ती जिना उतरली आणि तिला भावाचं तोंड दिसलं. मग तिने लवंगीला पाठीवरून खाली खेचलं, तिच्या गालाची चीर नखात पकडली आणि सगळ्या जोराने ओढली.

मेण, डिंक, कातडीसारखं रबर, सगळं एका झटक्यात सोलून आलं. त्याच्याबरोबर खालची पिकलेली मुरमं फुटली. लवंगी जी किंचाळली, त्याने मामाची मूठ हवेतच राहिली.

आत्याच्या तळहातावर खोटी जखम होती आणि पोरीच्या गालावरून खरं रक्त ओघळत होतं. फरशीवर भावाचं. तिच्या बाटलीतल्यापेक्षा पातळ, काळपट, लोखंडाच्या वासाचं. आत्या मटकन खाली बसली आणि भडभडून ओकली.

मामा गुडघ्यांवर आला. "दाजी... चुकलं हो माझं."

"असू दे," काका नाक धरून म्हणाला. "माझा चष्मा दिसतोय का कुठे?"

"तुमचा... गुडघ्याखाली आहे माझ्या."

त्या दिवशी दवाखान्यात दोन चेहरे गेले. नाक एका डॉक्टरकडे, गाल दुसरीकडे. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी काथ्याची गोष्ट ऐकली, डिंकाची ऐकली आणि आत्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा आत्याला कोणीतरी आपल्या जबड्यावर जागा हेरतंय असं वाटलं.

"चेहरा आहे हा, फरशी नाही घासायला. सकाळ-रात्र सौम्य फेसवॉश, तोही नुसत्या हाताने. पिळायचं नाही, खाजवायचं नाही. गाल सुकला की रात्री हे औषधाचं जेल, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. वर हलकं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. फरक पडायला दोन-तीन महिने जातील. मारून लवकर जात नाहीत ती."

"आणि मेकअप?" लवंगीने विचारलं.

"थोडा चालेल. सोललेल्या जागेवर नाही. त्वचेची छिद्रं बुजवणार नाही असं लिहिलेलाच घे आणि झोपायच्या आधी धुऊन टाक."

मेकअपच्या सामानाच्या दुकानात आत्याचा हात सवयीने सगळ्यात जाड रंगाच्या कांडीवर गेला. "ही घे. हिच्याखाली भोसकलेलंसुद्धा लपतं."

"नको," लवंगी म्हणाली. "तुझ्या हाताखाली मी एकदा लपले. बाबांचं नाक गेलं."

तिने कन्सीलरच्या लहान ट्यूबा काढायला लावल्या, जबड्यावर तीन रेघा ओढल्या आणि दुकानाच्या दारात उजेडाला जाऊन आरसा धरला. एक रेघ पांढरट, एक पिवळट. तिसरी दिसेनाच. ती तिने घेतली. आत्या दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती, बोटं मात्र आतल्या आत शिवशिवत होती.

"नुसतं टेकव हं," ती एवढंच म्हणाली. "घासू नकोस."

शनिवारी लवंगी सनस्क्रीन लावून आणि कपाळावर कन्सीलरचे दोन ठिपके टेकवून मैदानात आली. गालाच्या सोललेल्या जागा उघड्याच. मागून आरोळी आलीच, "कणीस!" तिचे कान लाल झाले, पण जागा सोडली नाही. उत्तरार्धात समोरून एक धिप्पाड पोरगी चेंडू घेऊन सुटली. लवंगीने सरळ तिच्या पायांत उडी घेतली. बुटाच्या टोकाचा फटका तोंडावर बसला, ओठ फाटला, हनुवटीवरून रक्ताची धार लागली. चेंडू तिच्या पोटाशी होता.

मामा बाकावरून उठला. नाकावर पट्टी असलेल्या काकाने त्याचा शर्ट दोन्ही हातांनी धरला, तरी तो पुढे ओढला जात होता.

"मामा, खाली बस!" लवंगी गोलातून रक्त थुंकत ओरडली. "माझं मी बघते!"

तिने बाहीने तोंड पुसलं. रक्त गेलं, कपाळावरचे ठिपकेही गेले. तिने काही ते परत लावायला मागितले नाहीत. पाच पावलं मागे गेली आणि चेंडू असा लाथाडला, की तो अर्धं मैदान ओलांडून गेला.

आत्याने केव्हाच डोळे गच्च मिटले होते. "खूप रक्त आहे का रे?"

"तुझ्या बाटलीपेक्षा कमी आहे, ताई," काका म्हणाला. "उघड आता. पोरगी उभी आहे."