पप्पांना पाप सापडेना

आमच्या पप्पांना आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, तो एका दारुड्याचा. म्हणजे पूर्वीच्या दारुड्याचा. हा गृहस्थ पळस्प्याचा, ट्रक चालवायचा, आणि दर शनिवारी पनवेलला एका घरी आमची प्रार्थनासभा भरायची तिथे साक्ष द्यायचा. साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी पूर्वी असा वाईट होतो आणि प्रभूने मला बदललं. त्याची साक्ष आठवड्यागणिक वाढायची. आधी तो नुसता पीत होता. नाताळ येईपर्यंत त्याने ट्रक खाडीत घातलेला होता. बायका डोळे पुसायच्या आणि सगळे दणक्यात "हालेलुया" म्हणायचे.

मग पप्पा उठायचे. सरकारी कचेरीत कारकून, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. "मी पूर्वी चहात साखर जास्त घ्यायचो," ते एकदा म्हणाले. हालेलुया झालं, पण आपलं म्हणायचं म्हणून.

लहानपणी कपाळावर पाणी शिंपडून पप्पांचा बाप्तिस्मा झालेलाच होता. पण आता त्यांना जवळच्या आपटा गावच्या नदीत पूर्ण बुडून नवा माणूस व्हायचं होतं. अगदी मनापासून व्हायचं होतं, हे मी आजही सांगेन. अडचण एवढीच, की आपल्यातलं जुनं काय मरतंय ते पाण्यात उभं राहून सांगायचं, अशी आमच्या सभेच्या पास्टरांची रीत होती. आणि मरायला पप्पांकडे काहीच नव्हतं. ट्रकवाल्याने त्यांना धीर दिला, "साएब, आसंल कायतरी. नीट बगा."

पप्पांनी नीट बघितलं. एकदा जेवताना आम्हालाच विचारलं, "माझ्यात काय दोष आहेत?" आम्ही भावंडं ताटात बघत राहिलो. आईने भात वाढला.

"सांगा ना!" पप्पांनी अशी मूठ आपटली की आमटी भिंतीवर गेली. "घाबरता कशाला? मी काय खातो तुम्हाला?"

आई फडक्याने भिंत पुसू लागली.

"बघ," पप्पा आईला म्हणाले, "एकसुद्धा सापडत नाही." आणि खरोखरच खिन्न झाले.

रविवारी आम्ही एसटीने आपट्याला गेलो. पप्पा पांढरा झब्बा-लेंगा घालून कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. शेजारी एक म्हैस डुंबत होती. तिने सभेच्या गाण्यांनाही दाद दिली नाही. आई काठावर टॉवेल घेऊन उभी होती, कारण बाहेर येणाऱ्याला टॉवेल घरच्यांनी द्यायचा असे. पाण्यात शेजारी उभ्या पास्टरांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून तो ठरलेला प्रश्न विचारला, जुनं काय मरतंय?

"पुष्कळ शोधलं," पप्पा म्हणाले. "घरच्यांनाही विचारलं. नाही सापडलं."

"मी सांगू?" आई म्हणाली.

सभेत आईचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. "यांच्या सायकलची घंटा ऐकली की मी हातातलं टाकून आधी आमटी चाखून बघते. लग्न झाल्यापासून. पोरं धावत जाऊन रेडिओ बंद करतात. मला वाटतं, आज मीठ तर कमी पडलं नसेल?"

"आमेन!" ट्रकवाला सवयीने ओरडला, मग त्यालाच लाज वाटली.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?" पप्पा गरजले.

काठावरची सगळी मंडळी मागे सरली. पास्टरांचा हात पप्पांच्या खांद्यावरून सुटला. म्हैससुद्धा उठून चालू लागली. पप्पांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही आईच्या पदरामागे होतो. आपला तो आवाज त्यांनी स्वतः बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला रडूच आलं.

"बुडवा," ते पास्टरांना हळूच म्हणाले.

पास्टरांनी बुडवलं. नवा माणूस खोकत वर आला आणि त्याने तिथूनच हात पुढे केला, "टॉवेल!"

आई जागची हलली नाही. "इथे येऊन घ्या," ती म्हणाली.

पप्पा थांबले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते लेंगा सावरत, शेवाळलेल्या दगडांवरून घसरत, सगळ्यांदेखत एकदा चारी हातापायांवर येऊन, काठापर्यंत आले आणि आईसमोर उभे राहिले. तरी तिने टॉवेल पुढे केला नाही. पप्पांनीच तो तिच्या हातातून सावकाश काढून घेतला.