न विचारलेला तिसरा प्रश्न

अरबी मुलखातल्या स्फॅक्स गावात मबरूकाच्या हाताला नाव होतं. दवाखान्यात तीस वर्षं रक्त काढत होती, पण सुई कधी टोचली ते कळायचं नाही. त्या हाताचा तिला थोडा तोराही होता, आणि तो शोभायचाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई इनसाफ एक शोध घेत होत्या. आपल्या रक्तात म्हणे काही प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, जन्माचीच असतात, रोगाशी गाठ पडायच्या आधीपासूनची. बिघडलेली पेशी ओळखून ती कॅन्सरला आवर घालत असावीत. मग ज्यांना तो कधी झालाच नाही, अशा पन्नास म्हाताऱ्या बायकांचं रक्त त्यांना हवं होतं. निवड मबरूकाकडे. कागदावर तिसरा प्रश्न होता, कॅन्सर झाला होता का?

आता त्या गावात हे नाव कुणी घेतं का? ‘तो वाईट आजार’ म्हणतात, वर ‘दूर राहो’ म्हणतात. मबरूका तरी कशी घेणार? ती मावशीच्या नात्यानं विचारायची, “खाला, तब्येत बरी ना?” म्हातारी म्हणायची, “अल्लाचे आभार.” की मबरूका ‘नाही’वर खूण करून मोकळी. पन्नासच्या पन्नास.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला खाला तराकी आली. मागच्या खेपेला उजव्या हाताची शीर रुसली होती, म्हणून मबरूकानं डावी बाही वर सारली.

“त्या हाताला नको गं. ती बाजू कापली तेव्हापासून डॉक्टरांनी सुईला मनाई केलीय.”

“काय कापलं?”

“छाती. बावीस वर्षं झाली.”

मबरूकानं सुई खाली ठेवली. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठं? बरी आहेस का म्हणालीस. बरीच आहे की. देवाची तक्रार करू?”

मबरूकाचं तोंड कानापर्यंत तापलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि खोट्या कागदांवर डॉक्टरीणबाईंचा सगळा शोध उभा राहिला असता. ती आत त्यांच्या खोलीत गेली आणि जमिनीकडे बघत तिनं सगळं सांगून टाकलं.

इनसाफबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “किती जणींना विचारलंत, मबरूकाताई?”

“एकीलाही नाही.”

त्यांनी पन्नास कोरे कागद पुढं केले. “पुन्हा विचारा. नाव घेऊन. बाहेर बसल्यात त्यांच्यापासूनच.”

बाहेर बाकावर बायकांची दाटी होती, तराकीही त्यांच्यात बसली होती. मबरूका तराकीपाशी वाकून पुटपुटली.

“मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं.”

“खाला, तुला कॅन्सर झाला होता का?”

कुणीतरी ‘दूर राहो’ म्हणालं.

“झाला होता,” तराकी म्हणाली. “लिही. आणि मान वर कर, कागद भिजतोय.”

मबरूकानं बाहीनं कागद टिपला, ‘होय’वर खूण केली आणि शेजारच्या बाईकडे वळली.